मालगाडीवरचा केळीचा घड

आमच्या गावात काशी करून आलेली माणसं गल्लीगल्लीत सापडतील. मालगाडीचे फोटो काढायला वाळवंटात जाऊन आलेला माणूस मात्र सबंध तालुक्यात मी एकटा. सोबत व्याही होते, पण ते मला खोटं पाडायला आले होते, म्हणून त्यांना धरत नाही. जो भेटेल तो विचारतो, आबा, काय पाहिलं तिथं? प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून घसा बसला. म्हणून लिहून काढलं. माझी शाळा तिसरीपर्यंत. ज्याला माझं अक्षर लागणार नाही त्याने घरी यावं, मी वाचून दाखवीन. मधे बोलायचं नाही.

आधी निशाणीचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

मी फैजपूरकडचा. बाग आहे, पण लोक मला ओळखतात ते मुकादम म्हणून. आता केळी ट्रकने जाते. तेव्हा रेल्वेने दिल्लीला जायची. स्टेशनच्या धक्क्याला वॅगन लागली की माझी बारा माणसांची टोळी भिडायची. खाली केळीची पानं अंथरायची, त्यावर घड रचायचे, घडाघडात पुन्हा पानं. शेवटी दाराला चार बोटं फट ठेवायची, आणि गाडीच्या धक्क्याने दार सरकून बंद होऊ नये म्हणून फटीत लाकडी फळी ठोकायची. हे काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नसे. केळी जिवंत असते, तिला वारा लागतो. दार बंद झालं तर ती आतल्या आत तापते, वाटेतच पिकते, आणि दिल्लीत उतरते ती लगदा होऊन.

फळी ठोकली की डांबराचा डबा घेऊन दाराच्या बाजूला मी माझी निशाणी काढायचो. एक वाकडा दांडा, त्याला पाच फण्या, खाली केळफूल. नाव लिहीत बसायला वेळ कोणाला? तो घड दिसला की दिल्लीचे दलाल म्हणायचे, आबाचा माल आहे, डोळे मिटून उतरवा.

मग एकदा एक वॅगन दिल्लीला बंद दाराने पोचली. सगळा माल काळा. माझ्या हाताखालचा सुकदेव, बालपणापासूनचा सोबती, धक्क्यावर सगळ्यांच्या समोर म्हणाला, ‘‘आबा, त्या दिवशी फळी राहून गेली.’’ मी म्हटलं, माझ्या हातून फळी राहत नाही. तो म्हणाला, ‘‘राहते कधी कधी, माणूस आहे.’’ झालं. डांबराचा डबा तिथेच ठेवला आणि घरी आलो. त्याला दहा वर्षं झाली. पुढे सुकदेव मुकादम झाला. त्याने कोणती निशाणी काढली हे बघायला मी स्टेशनावर पाय ठेवला नाही. कोणी विषय काढला की मी उठून जायचो. सुकदेव राहतो आमच्या मागच्या गल्लीत. त्याच्या दारावरून जायला नको म्हणून मी शेताला लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो. पायांना व्यायाम होतो, असं घरी सांगितलं.

आता पैजेकडे येतो.

गावचा शांताराम फौजेत आहे. तो श्रावणात सुटीवर आला आणि म्हणाला, ‘‘आबा, तुमचा घड मी वाळवंटात पाहिला. मालगाडीच्या डब्यावर.’’ जोधपूरच्या पुढची लाइन म्हणे आतापर्यंत लहान, म्हणजे अरुंद रुळांची होती, नुकती आपल्यासारखी रुंद केली, म्हणून आपल्याकडचे डबे आता तिकडे फिरतात. हे ऐकून माझी छाती किती फुगली ते काय सांगू. गावाला सांगून झालं, मग दीपनगरला लेकीकडे गेलो. जावई तिथल्या वीजकेंद्रात आहेत. नातवाचा वाढदिवस होता, म्हणून त्यांचे वडील, आमचे व्याही नाना, धुळ्याहून आले होते. पंगतीत मी घडाची गोष्ट काढली.

नाना कपाशीवाले. बोलतात अस्सल अहिराणी. म्हणाले, ‘‘आबा, डांबर इतला साल टिकस का? तो पोऱ्या तुमले खुश कराकरता बोलना.’’

मी म्हटलं, ‘‘तुमचा कापूस तं धुळ्याच्या पुढे गेल्याचं कधी ऐकलं नाही. मह्या घडानं अर्धा देश पाहिला.’’

‘‘दखाडा मंग. फोटू आना.’’

‘‘आणतो!’’

तिथल्या तिथे पैज लागली. मार्गशीर्षात माझ्या शेतात भरीत पार्टी असते, सगळी आळी जेवायला येते. जो हरेल त्याने त्या पार्टीत सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, ‘माझं चुकलं.’

लेक वाढता वाढता थांबली. ‘‘बाबा, हे दोन शब्द तुम्हाला बोलता येतील?’’

‘‘हरेल त्याला बोलायचे आहेत,’’ मी म्हटलं, ‘‘मला काय त्याचं?’’

पण खरं सांगतो, त्या रात्री जेवण नीट गेलं नाही. साठ वर्षांत हे दोन शब्द मी तोंडातून काढले नव्हते. बायको गेली, तिलासुद्धा ऐकायला मिळाले नाहीत.

पहिला दिवस

जावयांनी कॅमेरा दिला, त्यात छत्तीस फोटोंचा रोल घालून दिला. कुठे बघायचं, काय दाबायचं, काय फिरवायचं, सगळं सांगितलं. जे सांगितलं नाही त्याचं पुढे येईल. कदाचित सांगितलंही असेल.

दसरा झाला आणि निघालो. नाना म्हणाले, ‘‘तुम्ही कोनता बी घडना फोटू काढी आनश्यात. मी संगे येस.’’ प्रवासाचं लिहीत नाही. नाना दोन रात्री घोरले एवढंच त्यात लिहिण्यासारखं.

फलोदीच्या पुढे एका लहान स्टेशनावर उतरलो. गाडी निघून गेली आणि इतकी शांतता झाली की मला वाटलं कान गेले. चारी बाजूंना वाळू. आमच्याकडे वाळू म्हटलं की तापीची, ओली, खाली हात घातला की पाणी लागतं. ही वाळू कोरडी ठणठणीत, पिठासारखी पायाखालून पळते. झाडं होती, पण त्यांनी पानांऐवजी काटे धरलेले. नानांनी सगळीकडे नजर फिरवली.

‘‘आबा, आठे बठ्ठी वाळूच शे. केळीनं पान बी देखाले मियाव नही.’’

‘‘सगळी वाळू, म्हणून तं घड इथपर्यंत आला,’’ मी म्हटलं. ‘‘याहिले दाखवाले.’’

शांतारामने तिथल्या कांटेवाल्याच्या, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याच्या नावाने चिठ्ठी दिली होती. त्याचं नाव मंगाराम. मोठी पगडी, मोठ्या मिशा, आणि आवाज बकरीच्या पिलासारखा. त्याने आम्हाला आपल्या घरी उतरवलं. मी गावाहून कच्च्या केळीच्या दोन फण्या नेल्या होत्या, त्या त्याच्या बायकोच्या, वहिनींच्या हातात दिल्या. म्हटलं, बाजरीच्या कोठीत पुरून ठेवा, चार दिवसांत सोन्यासारखी होतील. त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी त्यांची लाल तिखट भाजी करून वाढली, सालीसकट. तिकडे हिरवं काही आलं की त्याची भाजीच होते. पिकेपर्यंत थांबायची सवय नाही. नानांनी दोनदा मागून घेतली. सोबत बाजरीची जाड भाकर, तिला ते सोगरा म्हणतात, आणि ताक. भाकर आपल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीपुढे फिकी, पण ताकात मात्र त्यांनी आम्हाला हरवलं. जेवणं झाल्यावर वहिनींनी ताटं वाळूने घासली, पाण्याचा थेंब नाही, आणि ताटं आरशासारखी. आमच्याकडे बाया एका ताटाला अर्धी बादली ओततात. घरी येऊन मी सुनेला हे सांगितलं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मालगाड्यांची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. घड डब्याच्या एकाच बाजूला काढलेला असतो, आणि डबा कोणत्या तोंडाने येईल ते सांगता येत नाही. म्हणून ठरलं, रुळाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नाना. माझ्याकडे कॅमेरा, त्यांच्याकडे छत्री.

तिथली मालगाडी येते कशी ते सांगतो. आमच्याकडे गाडी केळीच्या बागांमागून अंगावरच येते. तिथे आधी क्षितिजावर एक काळा ठिपका दिसतो. तो हलत नाही. तुम्ही एक विडी ओढता, तरी ठिपकाच. मग उन्हाच्या वाफेत तो ठिपका लांबतो, थरथरतो, जमिनीवरून चार बोटं वर उचलल्यासारखा दिसतो, आणि एकदम पायाखालची वाळू सळसळायला लागते. चाळीस-चाळीस डबे. समोरून जाताना मोजता मोजता मान दुखते. एकदा त्या गाडीच्या बाजूने पाच उंट पळत सुटले, मान ताठ, जसे काही त्यांनाच कुठे पोचायला उशीर झाला आहे. मी फोटो काढला. मी सगळ्याचे फोटो काढले. इंजिनाचे, गार्डाचे, उंटांचे. पहिल्या गाडीनंतर विचारलं, ‘‘नाना, दिसला?’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘नही!’’ दुसऱ्या गाडीला, ‘‘नही!’’ तिसऱ्या गाडीला ते ‘‘नही’’ इतक्या आनंदात म्हणाले की मी त्यांच्याशी दुपारपर्यंत बोललो नाही.

तेवढ्यात स्टेशनमास्तर आले. चष्मा, स्वेटर, त्या उन्हात. ‘‘आप लोग कौन हैं? ये मालगाड़ी का फोटो क्यों खींच रहे हैं? सरहद का इलाका है!’’

मी म्हटलं, ‘‘साब, हमारा घड ढूंढने को आया है.’’

त्यांना काही कळलं नाही. मी काठीने वाळूत घड काढून दाखवला. दांडा, पाच फण्या, केळफूल. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. ‘‘इसके लिए महाराष्ट्र से आए?’’

नाना मधेच म्हणाले, ‘‘इनको ‘मेरा चुका’ बोलना नहीं आता, इसलिए आए.’’

मास्तर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, फलाटाचा आणि सिग्नलचा फोटो नको, डब्यांचा काढा. मग हळूच म्हणाले, तीन वर्षं इथं आहे, एकही फोटो नाही, माझा एक काढाल का? काढला. उभे राहिले ते हिरवी झेंडी हातात घेऊन, मान वर, उंटासारखी.

फट

आता माझ्या हातून काय झालं ते लिहितो. लपवत नाही.

दुपारी ऊन असं की कॅमेरा हातात धरवेना. काळी बंद पेटी, वरून सूर्य. मी विचार केला, आत रोल आहे, त्याचे फोटो व्हायचे आहेत, म्हणजे तो कच्चा माल. बंद पेटीत तापला तर खराब होणार. चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. मागचं दार उघडलं, एक बोट फट ठेवली आणि फटीत आगपेटीची काडी अडकवली. कॅमेरा बाभळीच्या सावलीत वाऱ्याच्या तोंडाला ठेवून दिला आणि समाधानाने पाणी प्यायलो.

नानांनी पाहिलं. ‘‘हाई काय करतस?’’

‘‘वारा देतो.’’

‘‘आबा, दार लावा. आत वाळू घुसस.’’

‘‘नाना, दाराचं मले शिकवू नका.’’

‘‘तो कॅमेरा शे, वॅगन नही!’’

असे आम्ही भांडलो की मंगारामच्या शेळ्या उठून गेल्या. मी तोंड फिरवून बसलो. नानांनी काडी काढून फेकली, दार लावलं, वर आपला रुमाल गुंडाळून तीन गाठी मारल्या. ‘‘मन्हा पोऱ्यानी चीज शे,’’ म्हणाले. जावयांची वस्तू म्हटल्यावर मी गप्प बसलो. पण मनात म्हटलं, फोटो खराब निघाले तर या रुमालाचं नाव सांगीन.

तिसरा दिवस

सकाळच्या दोन गाड्या तशाच गेल्या. संध्याकाळी आमची परतीची गाडी होती. नाना पार्टीत माझं भाषण कसं होईल ते मला ऐकवत होते. दुपारी एक मालगाडी आली आणि थांबली. समोरून सवारी गाडी यायची होती, तिला वाट द्यायला. आम्ही दोघे दोन बाजूंनी डबे बघत चाललो. माझ्या बाजूला खडूची अक्षरं, ग्रीसच्या हातांचे ठसे, एका ठिकाणी कोणाच्या तरी प्रेमाचं बाणाने भोसकलेलं काळीज. घड नाही. मी जवळजवळ गार्डाच्या डब्यापाशी पोचलो होतो.

आणि पलीकडून ओरडणं ऐकू आलं.

‘‘आबा! घड! तुमना घड! आठे शे, आठे!’’

पैज हरत होता माणूस, आणि ओरडत होता लग्नात नाचल्यासारखा. मी डब्याखालून घुसायला वाकलो, तर मास्तर लांबून शिट्टी फुंकायला लागले. म्हणून गार्डाच्या डब्याला वळसा घालून धावलो. साठीच्या वर धावायचं, तेही वाळूत. दोन पावलं पुढे टाकली की एक मागे जातं. एक चप्पल तिथेच राहिली, ती अजून तिथेच असेल. तेवढ्यात सवारी गाडी धडधडत निघून गेली. ‘‘पळा! सिग्नल पडना!’’ नाना ओरडत होते.

पोचलो. बघितलं. दांडा, पाच फण्या, केळफूल. डांबर उन्हाने करडं पडलेलं, पण घड शाबूत. मी धडाधड फोटो काढले, चार, पाच. नाना शेजारी धापा टाकत उभे. डब्याच्या खालच्या अंगाला लोखंडी पाटी होती, त्यावर डबा बांधल्याचं साल. नाना सातवी शिकलेले, त्यांना कुठेही अक्षर दिसलं की वाचायची खोड. वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘‘आबा,’’ ते हळू म्हणाले, ‘‘तुम्ही मुकादमी सोडी त्याना दोन सालनंतर बनेल शे हाऊ डबा.’’

गाडीने हिसका दिला आणि हलली.

पाटीची गरज नव्हती. मला फोटो काढतानाच दिसलं होतं. माझ्या घडाचा दांडा उजवीकडे वाकतो. हा डावीकडे वाकला होता. आमच्या टोळीत डावखुरा एकच होता.

डबे एकेक करून समोरून गेले. गाडीचा पुन्हा ठिपका झाला, तो ठिपका बराच वेळ हलला नाही, मग नव्हताच. नानांनी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली. माणूस मोठा आहे, हे मी इथे एकदाच लिहितो. शेवटी म्हणाले, ‘‘घड तं शे ना? मंग मी हारनू.’’

मी वाळूत बसलो. आणि आता जे लिहितो ते दहा वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी धक्क्यावर फळी हातात घेऊनच मी चहाला गेलो होतो. परत आलो तर गाडी निघालेली, आणि फळी माझ्या हातात. मी ती नालीत फेकली. वळून पाहिलं तर सुकदेव उभा होता. त्याने पाहिलं होतं. तरी धक्क्यावर तो फक्त ‘राहून गेली’ म्हणाला. फेकली म्हणाला नाही. आणि मी गेल्यावर त्याने त्याच्या हाताने माझा घड काढला. माल त्याचा, नाव माझं.

घरी

जळगावला रोल धुवायला टाकला. फोटोवाला माणूस निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाला, ‘‘आबा, कॅमेऱ्याचं दार उघडलं होतं का हो?’’

‘‘वारा द्यायला,’’ मी म्हटलं.

तो दुकानात खाली बसून हसला. उंट गेले, इंजिनं गेली, गार्ड गेला, मास्तर झेंडीसकट पांढरे झाले. दार लावून रुमाल बांधल्यावर जे काढले तेवढेच वाचले. मास्तरांना मी फोटोऐवजी केळीचे वेफर पाठवले, सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत काय लिहावं सुचेना, म्हणून घड काढला.

मार्गशीर्षात पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी भांड्यात ठेचली, कांद्याची पात, शेंगदाणे, कळण्याच्या पुऱ्या. सगळी आळी बसली होती. सुकदेवही होता, तो दरवर्षी येतो, दूर टोकाला बसतो, आणि मी त्या टोकाला वाढायला जात नाही.

नाना उठले. हात जोडले. ‘‘मंडळी, मन्हं...’’

मी त्यांचं धोतर धरून खाली बसवलं. ‘‘बसा नाना. पैज तुम्ही जिंकली. तो घड मह्या हातचा नव्हता.’’

मी फोटो घेऊन त्या टोकाला गेलो. ती पंचवीस-तीस पावलं वाळवंटातल्या धावण्यापेक्षा लांब होती. सुकदेवच्या हातात फोटो दिला. त्याने बोटं धोतराला पुसली, फोटो डोळ्यांजवळ नेला.

‘‘फळी मीच विसरलो व्हतो,’’ मी म्हटलं. ‘‘नालीत बी मीच फेकली.’’ आणि मग ते दोन शब्द बोललो. ‘‘माझं चुकलं.’’ मोठ्याने, मागे बसलेल्यांना ऐकू जातील असे, कारण पैज तशी होती.

लांबून लेकीच्या हातातलं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.

सुकदेवने फोटोतल्या दांड्यावरून बोट फिरवलं. मग मान वर केली. डोळे ओले होते, पण तोंड हसत होतं.

‘‘एवढं सांगासाठी तू वाळवंटात गेला व्हता का रे भो?’’ तो म्हणाला. ‘‘मी तं तुह्या मांगल्याच गल्लीत राह्यतो.’’

हे त्याचं बरोबर होतं. पण तसं मी त्याला म्हटलं नाही. एका दिवसात एवढं पुरे.